चांगुणाबाईंच्या डाव्या गुडघ्याची फाईल

तारीख : १९९८ सालच्या जूनमधला पहिला सोमवार. रक्कम : एक लाख अठरा हजार रुपये, हॉस्पिटलच्या अंदाजपत्रकानुसार. हजर : अर्जदार नामदेव म्हात्रे, कंपनीचे डॉक्टर आणि मी. नामदेवची आई चांगुणाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. गुडघा त्यांचा, पण खोलीत त्या नव्हत्या. त्यांना हजर धरावं की नाही यावर मी बराच विचार केला आणि शेवटी ‘बाहेर उपस्थित’ असं लिहिलं. पुढचं वाचण्याआधी माझा स्वभाव कळलेला बरा, म्हणून हे सांगितलं.

मी पेणला राहतो आणि रोह्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात नोकरीला आहे. सध्या स्टोअर्समध्ये बसतो. त्याआधी अकरा वर्षं कामगारांची वैद्यकीय बिलं तपासत होतो. युनियनशी झालेल्या करारात कामगाराच्या आईवडिलांचाही दवाखाना होता, त्यामुळे नामदेव प्लांटमध्ये ऑपरेटर असला तरी माझ्या टेबलावर गुडघा यायचा त्याच्या आईचा.

बिलं तपासणं म्हणजे बेरीज तपासणं, असं लोकांना वाटतं. बेरीज कोणीही करील. माझं काम होतं खोटं ओळखायचं. एका बहाद्दराने उजव्या पायाच्या बिलाला डाव्या पायाचा एक्स-रे लावला होता. एका फिटरचे वडील एसटीतून उतरून काठी काखेत मारून ताडताड चालत यायचे आणि कंपनीच्या गेटपाशी आले की काठीवर असे वाकायचे, की वॉचमन धावत खुर्ची आणायचा. माझ्या खिडकीतून गेट दिसायचं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल थोडं सांगतो. आमच्याकडे लोक म्हणतात ‘वाटी बदलली’. वाटी बहुतेक वेळा तशीच राहते. संधिवाताने मांडीच्या आणि नळीच्या हाडाची टोकं घासून खडबडीत होतात, ती थोडी कापून वरच्या हाडाला धातूची टोपी आणि खालच्या हाडाला धातूची बैठक बसवतात. दोन्हींच्या मध्ये असते पांढऱ्या प्लास्टिकची जाड चकती. धातू हाडाला एका खास सिमेंटने चिकटवतात. चालताना टोपी प्लास्टिकवर फिरते. प्लास्टिक हळूहळू झिजतं, झिजेची भुकटी आजूबाजूच्या हाडाला सोसत नाही, आणि मग कधीतरी बैठक हलायला लागते. कधीतरी म्हणजे कधी, हे मी तीन सर्जनांना विचारलं. तिघांनी तीन आकडे सांगितले आणि तिघांनीही शेवटी ‘साधारण’ हा शब्द लावला. ‘साधारण’ या शब्दाला माझ्या फॉर्मात रकाना नव्हता.

या भागांच्या खोक्यात नंबर छापलेले स्टिकर येतात. त्यातला एक हॉस्पिटलने रुग्णाच्या कागदावर लावायचा असतो. हे मला एका औषधविक्याकडून कळलं आणि त्या दिवसापासून मी स्टिकरशिवाय बिल घेतलं नाही. बिलात परदेशी सांधा आणि पायात देशी, असं एकदा पकडलंही. फरक अठरा हजारांचा होता. त्यावर मॅनेजरसाहेबांनी मला चहा पाजला. अकरा वर्षांत तेवढाच.

दुसरी माझी युक्ती व्हरांड्याची. ऑफिसच्या व्हरांड्यात टोकापासून माझ्या दारापर्यंत अठ्ठावीस शहाबादी लाद्या होत्या. सांधा बदललेल्या माणसाने वर्षातून एकदा यायचं आणि तेवढ्या लाद्या चालून दाखवायच्या, असा नियम मी घालून दिला. पावलं मोजायची आणि वहीत लिहायची. कंपनीचे डॉक्टर हसायचे. म्हणायचे, “कर्णिक, घोडेबाजार भरवलाय काय?” पण सर्जनांच्या ‘साधारण’पेक्षा माझी वही बरी होती.

चांगुणाबाईंचा डावा गुडघा १९९२ साली बदलला. त्या पेणच्या खाडीकडच्या गावातल्या. तरुणपणी मिठागरात काम केलेलं, नंतर पेणच्या गणपतीच्या कारखान्यात. दोन्ही कामं वाकून नाहीतर उकिडवं बसून करायची. ऑपरेशनआधी त्या व्हरांडा ओलांडू शकत नव्हत्या. दुसऱ्या वर्षी त्या आल्या तेव्हा वहीत नोंद आहे : पावलं एक्केचाळीस, काठी नाही, न थांबता. मी विचारलं, “काही तक्रार?” “काय नाय भाऊ, बरा हाय,” त्या म्हणाल्या. पुढच्या दोन वर्षांचीही नोंद जवळपास तीच.

१९९६ ची नोंद अशी : पावलं सत्तेचाळीस, एक हात भिंतीला. त्यापुढे माझ्याच अक्षरात एक शब्द आहे. ‘सोंग?’ त्या वर्षी उजव्या गुडघ्याचा अर्ज येणार अशी कुजबुज होती, म्हणून मी तसं लिहिलं. त्या दिवशीही त्यांनी “बरा हाय” असंच सांगितलं होतं. सोंग करणारं माणूस तक्रार करतं, एवढं साधं मला तेव्हा सुचलं नाही.

१९९७ साली त्या आल्या नाहीत, नोंद नाही. आणि १९९८ च्या त्या सोमवारी : काठी, पावलं बासष्ट, दोनदा थांबल्या. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. धातूच्या बैठकीखाली हाडात काळी रेघ दिसत होती आणि बैठक एका बाजूला कलली होती. “सैल झालाय. उघडून नवीन घालावा लागेल. दुसऱ्यांदाचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड,” डॉक्टर म्हणाले.

करारात सांध्याबद्दल एक ओळ होती : एका सांध्याला एकदाच. दुसऱ्यांदा मंजुरी हवी असेल तर ‘रुग्णाचा निष्काळजीपणा नाही’ असं तपासनिसाने लिहून द्यायचं. तपासनीस मी. मी नाही लिहिलं, तर एक लाख अठरा हजार नामदेवने उभे करायचे, म्हणजे ऑपरेशन होणार नाही आणि चांगुणाबाई राहिलेलं आयुष्य ओटीवर बसून काढणार. हे नामदेवला माहीत होतं, मलाही माहीत होतं. नामदेव टेबलाच्या कडेला हात ठेवून उभा होता. म्हणाला, “सायेब, लवकर बघा. आयेला रात्रीला कुशीवं वलता येत नाय.”

“बघतो,” मी म्हणालो, आणि संशय घ्यायला लागलो.

पहिला संशय हॉस्पिटलवर. सहा वर्षांत सांधा सैल होतो म्हणजे माल खोटा. जुन्या कागदावरचा स्टिकरचा नंबर घेऊन मी स्वतः मुंबईला त्या हॉस्पिटलात गेलो, त्यांच्या रजिस्टरशी ताडून पाहिला. नंबर जुळला. दुसरा संशय सर्जनवर. त्याने पहिल्या ऑपरेशननंतरचा एक्स-रे काढून दाखवला. बैठक सरळ, सिमेंट नीट. तो म्हणाला, “बाई जमिनीवर बसतात का ते बघा. गुडघा फार मुडपला की चकतीच्या मागच्या कडेवर भार येतो.”

मला हवं होतं ते मिळालं.

त्याच आठवड्यात मी गणपती सांगायला गेलो. आमच्याकडे घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यायचा, मूर्ती त्याच पाटावर बसते, अशी वडिलांपासूनची रीत. पाट काखेत घेऊन मी कारखान्यात शिरलो. पांढऱ्याशुभ्र, अजून डोळे न उघडलेल्या गणपतींच्या रांगा, आणि दोन रांगांच्या मध्ये गोणपाटावर, डावा पाय मुडपून, उजवा गुडघा छातीशी धरून, पॉलिशपेपरने मूर्तीच्या पायाची कड घासत बसल्या होत्या चांगुणाबाई.

मी पाट भिंतीला टेकवला. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. पकडलं होतं.

“चांगुणाबाई, हे काय? खाली बसायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय तुम्हाला.”

त्यांनी वर पाहिलं, दचकल्या नाहीत. “भाऊ, तुमी व्हय. बसा.”

“मी नाही बसत. तुम्ही का बसलात?”

“मंग उभ्यानं गनपतीचे पाय घासू? द्येव काय झाडाव टांगलाय?”

बाजूच्या दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यातली एक म्हणाली, “चांगुने, सायबाला पाट दे गो बसायला, त्यानंच आनलाय.”

मी आवाज चढवला. “चेष्टा नाही ही. तुमच्या ऑपरेशनचा कागद माझ्याकडे आहे. तुम्ही पथ्य पाळलं नाही असं मला लिहावं लागेल.”

चांगुणाबाईंचा हात थांबला. “हितं मी मयनाभरच येतंय भाऊ, सीजनला. चार तास बसतंय. तेच्यावर नका लिवू.” मग पॉलिशपेपर मांडीवर ठेवून म्हणाल्या, “आनि पथ्याचा इचारता तर सकालची जायाची वेल व्हते तवा काय करू? घरान संडास नाय. बांधाव जायाचा, उकिडवा बसायचा. अशी सगली सहा वरसा. तवा डाक्टरचा कागद हातान धरून बसू?”

“त्यासाठी खुर्ची मिळते. मध्ये भोक असलेली. खाली भांडं ठेवायचं. डॉक्टर लिहून देतात.”

“दिलीवती लिवून.”

“मग?”

“नाम्यानं तुमच्याकडं भरला कागद. तुमी लाल रेघ मारलीत.”

“मी?” मी म्हणालो. “शक्य नाही. मला आठवलं असतं.”

“तुमाला कशाला आठवंल? बसायचा मला व्हता.”

एवढं बोलून त्या पुन्हा मूर्तीचा पाय घासायला लागल्या. मी पाट देऊन, नाव लिहून घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं आणि म्हणालो, ही बाई खोटं बोलतेय. बायको भाजी निवडत होती, जमिनीवरच. ती म्हणाली, “फाईल आहे ना तुमच्याकडे? मग माझ्याशी कशाला वाद घालता?”

दुसऱ्या दिवशी रोह्याला पोचल्यावर जुन्या कपाटातून १९९२ ची फाईल काढली. वरती हॉस्पिटलचं बिल, मग औषधं, मग प्रवास. अगदी शेवटी, टाचणी गंजून कागदाला डाग पडलेला, सर्जनचा कागद : ‘घरी शौचासाठी कमोड खुर्ची आवश्यक. उकिडवे बसू नये.’ त्याला पेणच्या एका दुकानाचं दरपत्रक जोडलेलं, रुपये सहाशे चाळीस. त्यावर लाल पेन्सिलीची आडवी रेघ आणि तीन शब्द : ‘फर्निचर. वैद्यकीय नाही.’ खाली माझी सही. तारीख त्याच वर्षीची, पावसाळ्यातली. सही आजच्यापेक्षा जरा ऐटदार होती.

मी ते दरपत्रक उलटसुलट करून पाहिलं. माझ्या अक्षराची कोणी नक्कल केलीय का, असाही विचार क्षणभर आला. इतका मी संशयी.

मग फाईल घेऊन डॉक्टरांकडे गेलो. विचारलं, “ही खुर्ची दिली असती तर गुडघा टिकला असता का?”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “सांगता येत नाही.”

“साधारण?”

“साधारणही नाही. बाईंचं वजन, हाडं, सिमेंट, प्लास्टिक, कामाचा प्रकार, सगळं मिळून होतं ते. काही लोक सांध्याची मुळीच काळजी घेत नाहीत आणि पंधरा वर्षं काढतात. काही फुलासारखा जपतात आणि सहाव्या वर्षी परत येतात. रोज सकाळी उकिडवं बसणं वाईट, एवढं नक्की. त्यानेच गेला, असं कोणी शपथेवर सांगणार नाही.”

“म्हणजे दोष तिचा, असंही कोणी शपथेवर सांगणार नाही.”

“नाही.”

“आणि माझा?”

“तेही नाही,” डॉक्टर म्हणाले. मग चष्मा लावता लावता, “पण तुम्ही ते विचारायला आलात.”

दोन दिवस मी अहवाल लिहिला नाही. ती फाईल सहा वर्षं कोणी उघडली नव्हती आणि पुढेही उघडली नसती. कारखान्यात जमिनीवर बसलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, ते खोटं नव्हतं. ‘पथ्य पाळले नाही’ हे तीन शब्द लिहिले असते तर ते तिन्ही खरे होते. वही काढून पुन्हा पाहिली. एक्केचाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस, मग सत्तेचाळीस आणि भिंतीला हात. तिथे गुडघा सैल व्हायला लागला असणार. मोजणारा मी होतो, आकडा माझ्यासमोर होता, आणि मी त्यापुढे ‘सोंग?’ लिहून वही मिटली होती. तेव्हाच एक एक्स-रे काढला असता तर? त्याचंही उत्तर डॉक्टरांकडे ‘सांगता येत नाही’ हेच असणार, म्हणून विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी अहवाल लिहिला. ‘रुग्णाचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. पथ्य पाळण्यासाठी सर्जनने सांगितलेले साधन या कार्यालयाने १९९२ साली नामंजूर केले होते. ती नामंजुरी चुकीची होती. दुसऱ्या शस्त्रक्रियेस मंजुरी द्यावी. तसेच खुर्चीच्या जुन्या दरपत्रकाचे रुपये ६४० अदा करावेत.’

मॅनेजरसाहेबांनी अहवाल दोनदा वाचला. “कर्णिक, मधली दोन वाक्यं काढा.”

“का साहेब?”

“उद्या ऑडिटवाला विचारील, असे अजून किती चुकले? दार उघडून देताय तुम्ही.”

“मधली वाक्यं काढली तर पहिलं वाक्य उभं राहत नाही, साहेब. बाई जमिनीवर बसतात हे मी पाहिलंय. मग निष्काळजीपणा नाही कसा?”

साहेब खुर्चीत मागे टेकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “म्हात्रेनं काही दिलंय का तुम्हाला?”

अकरा वर्षं मी हा प्रश्न मनातल्या मनात प्रत्येकाबद्दल विचारला होता. हॉस्पिटलबद्दल, सर्जनबद्दल, औषधविक्याबद्दल, गेटपाशी वाकणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल. माझ्याबद्दल कोणी विचारला नव्हता. कान गरम होतात, हे तेव्हा कळलं. आणि खरं उत्तर दिलं तरी खोट्यासारखं ऐकू येतं, हेही.

“नाही साहेब,” मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. मी इतरांपुढे हलवायचो तशीच.

अहवाल वर गेला. युनियनने तो लावून धरला, डॉक्टरांनी एक ओळ जोडली, आणि गणपतीच्या आधी मंजुरी आली. हॉस्पिटलमधल्या स्वतंत्र खोलीचे बारा हजार तेवढे कापले. ऑक्टोबरमध्ये ऑपरेशन झालं. या वेळी बैठकीला खाली हाडात जाणारा लांब दांडा घातला, स्टिकर चार आले, मी चारही पाहिले. त्यानंतर महिन्याभरात माझी बदली स्टोअर्सला झाली. कारण कोणी सांगितलं नाही. तिथे मी नटबोल्ट मोजतो. नटबोल्ट “बरा हाय” असं म्हणत नाहीत, गंजले असतील तर दिसतात.

चांगुणाबाई यंदाच्या जूनमध्ये माझ्याकडे आल्या. तपासणीचं टेबल आता दुसऱ्याचं आहे आणि त्याने लाद्यांचा नियम बंद केलाय. तरी त्या मला घेऊन ऑफिसच्या व्हरांड्यात गेल्या आणि टोकाला उभ्या राहिल्या. “मोजा,” म्हणाल्या. त्रेचाळीस. काठी होती, पण टेकली नाही. “काही तक्रार?” मी विचारलं.

“हाय,” त्या म्हणाल्या. “जिना उतरताना दुखतंय.”

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यापुढे केलेली ती पहिली तक्रार. मी ती डॉक्टरांना कळवली. हा गुडघा किती वर्षं चालेल, ठाऊक नाही. पहिल्यापेक्षा दुसरा कमी टिकतो असं म्हणतात. साधारण.

खुर्ची मी पेणच्या सुताराकडून करून घेतली. गणपतीचे पाट करणारा तोच. मजबूत सागवानी, हाताला धरायला दोन दांडे. दुकानात मिळणारी पत्र्याची होती, तिचा मला भरवसा वाटेना. मध्यंतरी मी गावात गेलो होतो तेव्हा ती खुर्ची पडवीत होती आणि तिच्यावर सोललेल्या वालांनी भरलेलं सूप ठेवलेलं होतं. मी सुपाकडे बघितलं. चांगुणाबाईंनी मी बघतोय हे बघितलं. म्हणाल्या, “सकालची मोकलीच असतंय. पायजे तर उद्या फाटं या बघायला.” मी गेलो नाही. संशय अजून आहे.

शेवटी जे दिलं गेलं ते असं. हॉस्पिटलला कंपनीकडून एक लाख सहा हजार, आणि नामदेवने फंडातून काढलेले बारा हजार. नामदेव म्हात्रे यास, १९९२ सालच्या दरपत्रकापोटी, सहाशे चाळीस, व्याज नाही. व्हाउचरवर उशिराच्या कारणाचा रकाना होता, त्यात मी लिहिलं : ‘तपासनिसाची चूक.’ सहा वर्षांत सहाशे चाळीसला खुर्ची मिळेनाशी झाली होती. सुताराने अकराशे सांगितले. वरचे चारशे साठ मी देतो म्हणालो, तर चांगुणाबाईंनी कमरेची पिशवी सोडून नोटा मोजल्या आणि म्हणाल्या, “तुमच्याकडनं घेतलं तर तुमी परत तपासाया याल.” सुताराला एकूण रुपये अकराशे, रोख. पावती मी मागितली नाही.